लाकडातला पीळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि नाट्य अशा मान्यवर विषयांच्या पंक्तीत लाकडी धनुष्यासारख्या विषयाला पाट मांडल्याबद्दल व्याख्यान समितीचे प्रथम आभार मानतो. विषयाचे नाव वाचून ही रामलीलेच्या तयारीची सभा असावी, असा काहींचा समज झाला असल्यास नवल नाही. आम्ही चार-पाच जण, बहुतेक सेवानिवृत्त, रविवारी सकाळी एकत्र जमून लाकडाची धनुष्ये घडवितो, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. खंडेनवमीला आमच्या वाकस-रंध्यांची पूजा होते, तेव्हा आपली मुले ती पाहावयास येतातही. आज धनुष्याविषयी सर्व काही सांगण्याचा आमचा हेतू नाही. एकच प्रश्न आपणांपुढे ठेवावयाचा आहे. ज्या लाकडात पीळ आहे, त्याचे काय करावे?

हा प्रश्न आम्हांला हौसेने पडलेला नाही, तो गरजेने पडला. आमचे बहुतेक काम तुतीच्या लाकडावर चालते. उत्तर हिंदुस्थानात तुती रस्तोरस्ती दिसते. जालंधरच्या कारखान्यांत हॉकीच्या काठ्या पिढ्यान्‌पिढ्या याच लाकडाच्या घडल्या, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी. अमेरिकेतील आदिवासींचे नामांकित धनुष्यवृक्ष जे ओसेज ऑरेंज, तेही तुतीच्याच कुळातले. फ्रेंच लोकांनी त्याचे नावच मुळी ‘धनुष्याचे लाकूड’ असे ठेवले होते. परंतु उभे झाड धनुष्यासाठी तोडणे आम्हांला मान्य नाही. वादळात पडलेला बुंधा, छाटणीत निघालेली जाड फांदी, जे हाती येईल त्यावर भागवावे लागते. असे लाकूड सरळ असतेच असे नाही, किंबहुना बहुधा नसतेच. सुताराकडे नेले तर तो एक डोळा मिटून पाहतो आणि म्हणतो, “साहेब, यात पीळ आहे, जाळून टाका.” आपल्याकडे म्हण आहे की सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणजे जाळूनही प्रश्न सुटत नाही तो नाहीच!

पिळाचा विचार करण्यापूर्वी धनुष्याची चार अंगे समजून घेऊ. हाताने धरावयाची ती मूठ. मुठीच्या वर-खाली जे दोन भाग वाकतात ते बाहू. बाहूंची टोके म्हणजे कोटी. रामेश्वराजवळच्या धनुष्कोडीच्या नावात हाच शब्द आहे. तिरंदाजाकडे असलेली बाजू ते धनुष्याचे पोट, आणि लक्ष्याकडे असलेली बाजू ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. हा ताण नि दाब सोसतात लाकडातले उभे तंतू. लाकूड तंतूंच्या दिशेने अतिशय बळकट असते, तंतूंच्या आडवे मात्र फारच दुबळे. कुऱ्हाडीच्या एका घावाने ओंडका उभा फाटतो, पण आडवा तोडावयास घाम गाळावा लागतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

घराच्या वाशावर त्याच्या ताकदीचा लहानसा हिस्साच खर्च होतो. धनुष्याचे तसे नसते. पूर्ण ओढलेले धनुष्य मोडण्याच्या अगदी उंबरठ्यावर उभे असते. इंग्रज तिरंदाजांत जुना समज आहे की पूर्ण ताणलेले धनुष्य दहांपैकी नऊ हिश्श्यांनी मोडलेलेच समजावे. म्हणून तंतूंची दिशा वाशात थोडी चुकली तर चालते, धनुष्यात चालत नाही.

आता पीळ म्हणजे काय? झाडाच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. त्यातल्या पेशी उभ्या न राहता किंचित तिरप्या राहिल्या, तर दरवर्षी चढणारे लाकूड बुंध्याभोवती गोल जिन्यासारखे वळत जाते. अनेक सूचिपर्णी वृक्षांत हे वळण कोवळ्या वयात एका दिशेला असते आणि वाढत्या वयात दुसऱ्या दिशेला झुकते. आपल्या देशात यासाठी प्रसिद्ध असलेला वृक्ष म्हणजे हिमालयाच्या उतारांवरचा चीड. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेची स्थापना १९०६ सालची. तेथील एच. जी. चँपियन या वनाधिकाऱ्याने चिडाच्या पिळाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९२५ साली त्यावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. वारा, उतार, फांद्यांची तोड यांना लोक पिळाचे कारण मानीत. चँपियनच्या अभ्यासातून पुढे आले ते हे की पिळाचा कल बहुतांशी बीजातूनच येतो. तेव्हा पीळ हा झाडाला जडलेला रोग नव्हे. तो त्याच्या वाढण्याचा स्वभाव आहे.

उष्ण प्रदेशातील कित्येक वृक्षांत याहून अवघड प्रकार आढळतो. काही वर्षांचे लाकूड डावीकडे वळते, पुढच्या काही वर्षांचे उजवीकडे, आणि असे थरावर थर एकमेकांत अडकून बसतात. असे लाकूड पाचर मारूनही नीट फाटत नाही. त्याच्या एका लाकडी धनुष्याचा नाद आम्ही करीत नाही. आज ज्याविषयी बोलावयाचे तो पीळ एकाच दिशेचा, साधा आणि प्रामाणिक.

जुन्या धनुष्यकारांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली. अमेरिकेतील नेवाडाच्या पठारावर जुनिपर नावाचे झाड वाढते. त्याचे खोड बहुधा पिळलेले असते, सरळ तंतूंचे झाड विरळा. तेथील आदिवासी असे झाड सापडले की ते तोडीत नसत. जिवंत खोडावर वर आणि खाली खाच घेऊन मधली पट्टी झाडावरच वाळू देत, मग ती सोलून काढीत. पुढे ती जखम भरून आली की त्याच जागेवरून पुन्हा पट्टी घेत. अशा व्रणांची झाडे तेथे आजही उभी आहेत. सरळ तंतूला त्यांच्या लेखी केवढे मोल होते, हे त्या व्रणांवरून कळते.

आपल्याकडे मात्र दुसरे उत्तर निघाले, ते बांबूचे. बांबूत सालीखाली दरवर्षी वाढणारा थर नसतो. खोड उगवते तेच पुऱ्या जाडीचे, आणि पेरापेरांमधले तंतू सरळ असतात. पिळाचा प्रश्नच उद्भवत नाही. भिल्लांचे धनुष्य बांबूचे, आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच सालपट्टीची, यामागे केवळ उपलब्धता नाही, शहाणपणही आहे. तरीही लाकडी धनुष्य आपल्याकडे अपरिचित नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार प्रकारांनी धनुष्ये सांगितली आहेत. सह्याद्रीत आढळणाऱ्या धामण या वृक्षाला संस्कृतात ‘धनुर्वृक्ष’ असे नाव आहे. ज्या मुलखातून आपले वाडवडील निघाले, त्या मुलखातल्या एका झाडाने धनुष्याचे नाव धारण केले आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

आता टेबलावर ठेवलेल्या या दोन काठ्यांकडे आपले लक्ष वेधतो. दोन्ही एकाच तुतीच्या ओंडक्यातून निघाल्या. डावीकडची आम्ही करवतीने मुद्दाम सरळ कापून घेतली. ती सुताराच्या दोऱ्यासारखी सरळ होती, गुण्या लावला तरी बोट ठेवावयास जागा नव्हती. आज ती दोन तुकड्यांत आहे. दोरी चढवून अर्धीही ओढली नव्हती, तोच पाठीवरचा एक तंतू उचलला गेला आणि पाठोपाठ काठी तिरपी फाटली. उजवीकडची आम्ही पाचरीने फोडून घेतली. ती पाहताना कोणालाही वाटेल की हे पावसात भिजून वाकडे झालेले वल्हे आहे. तिचे धनुष्य मात्र तिसऱ्या वर्षी चालू आहे, आणि मंडळाच्या क्रीडादिनी आपल्या मुलांनी ते ओढले आहे.

असे का व्हावे, याचा हिशेब सोपा आहे. समजा, ओंडका सहा फूट लांब आणि सहा इंच व्यासाचा आहे, आणि या लांबीत तंतूंनी पाव फेरा घेतला आहे. म्हणजे सालीजवळचा तंतू बहात्तर इंच वर जाताना सुमारे पावणेपाच इंच बाजूला सरकतो. हा उतार पंधरास एक असा झाला. आता धनुष्याचा बाहू दीड इंच रुंद धरा. एका कडेला सुरू झालेला तंतू बावीस-तेवीस इंचांतच दुसऱ्या कडेतून बाहेर पडतो. बाहू तर छत्तीस इंच लांब! म्हणजे मुठीपासून कोटीपर्यंत सलग पोहोचणारा एकही तंतू उरत नाही. अमेरिकेतील मॅडिसन येथील वन उत्पादन प्रयोगशाळेने असे तिरपे तंतू तपासले आहेत. पंधरास एक या उताराला वाकवण्याच्या ताकदीत सुमारे ११ टक्के घट होते, दहास एक झाला तर १९ टक्के, आणि पाचास एक झाला तर जवळजवळ निम्मी ताकद जाते. मोडण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वस्तूला ११ टक्केही पुष्कळ झाले.

तेव्हा आमच्या कामाचा पहिला नियम हा की सरळ दिसण्यासाठी तंतू तोडू नये. डोळ्याला दिसणारा सरळपणा वेगळा आणि लाकडाचा सरळपणा वेगळा. लाकडाच्या लेखी सरळ तीच काठी, जिचा तंतू एका कोटीपासून दुसऱ्या कोटीपर्यंत अखंड आहे, मग तो कितीही वळणांनी जावो.

हा तंतू ओळखावा कसा? साल अंगावर असतानाच बरेच कळते. सालीच्या भेगा खोडाभोवती तिरप्या जात असतील तर आतही पीळ असण्याचा संभव मोठा. साल काढून ओंडका थोडा वाळला की त्यावर बारीक तडे पडतात. ते तडे तंतूंच्याच वाटेने जातात, कधी खोटे बोलत नाहीत. परंतु खरी परीक्षा पाचरीची. ओंडक्याच्या टोकाला पाचर बसवून हलके ठोके देत जावे, फाट आपल्या वाटेने पुढे जाते. तिला आपण दिशा द्यावयाची नाही, तिच्यामागून जावयाचे. फोडलेल्या फाकांची टोके लगेच रंगाने किंवा मेणाने बंद करावी, नाहीतर टोकांतून पाणी झपाट्याने उडते आणि चिरा आत शिरतात. मग फाक सावलीत, हवेशीर जागी सावकाश वाळू द्यावी. येथे घाई करणाऱ्यास पुढे कोणतीच युक्ती उपयोगी पडत नाही.

वाळलेल्या फाकेच्या पाठीवर एकाच वार्षिक वलयाचा पृष्ठभाग अखंड ठेवावा लागतो. वाटेत गाठ आली तर तिच्याभोवती थोडे लाकूड जादा ठेवावे. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेच्या अवशेषांत यू वृक्षाची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली. त्यांच्यावरही गाठींचे असे उंचवटे राखलेले दिसतात. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही रंधा कोठे थांबवावा हे ठाऊक होते.

नंतर मध्यरेषा आखावयाची. ती पट्टीने आखू नये. बोटांनी तंतू चाचपत, पेन्सिल त्याच्या कलाने चालवावी. ही रेषा वळते, वळू द्यावी. मग दोन टोकांमध्ये एक बारीक दोरा ताणून धरावा आणि तो मुठीवरून कोठून जातो ते पाहावे. येथे एक मौज आहे. पीळ दोन्ही बाहूंत एकाच दिशेने फिरत जात असल्यामुळे मुठीपाशी उभे राहून पाहिले तर एक कोटी डावीकडे कललेली दिसते, दुसरी उजवीकडे. त्यामुळे पीळ असूनही दोरा मुठीच्या मधोमध येऊ शकतो. तो येत असेल तर निम्मे काम झाले. तो मुठीबाहेर जात असेल तर दोष पिळाचा नाही, काठी बाजूला वाकली आहे, आणि प्रथम त्या वाकाकडे पाहावयास हवे.

पीळ थोडा असेल, म्हणजे दोन टोकांत मिळून अष्टमांश फेऱ्याच्या आत असेल, तर आम्ही त्यास बहुधा हात लावीत नाही. त्याहून अधिक असेल तर काही उपाय करावा लागतो. बाहू ज्या अंगाने चपटा असतो त्याच अंगाने वाकतो. पीळ अधिक असला की ओढताना कोटी बाजूला झुकते, आणि सैल सोडलेली दोरी घसरून निघण्याचा धोका असतो. अशा वेळी उष्णतेचा आश्रय घ्यावयाचा. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांस बांधलेले असतात. ते तापले की मऊ पडते, निवले की पुन्हा घट्ट होते. लाकडात ओल असेल तर वाफ द्यावी, एक इंच जाडीला सुमारे एक तास. पुरते वाळलेले असेल तर तेलाचा हात फिरवून कोरड्या आचेवर, पोटाच्या बाजूने, सावकाश तापवावे.

मूठ शिकंज्यात आवळून, टोकाजवळ एक आडवी दांडी बांधून, ती हळूहळू फिरवावी. एकदम सारा बाहू सरळ करण्याचा मोह आवरावा. वीतभर भाग घ्यावा, तो वळवावा, निवेपर्यंत तसाच धरून ठेवावा, मग पुढचा. हवा त्याहून किंचित अधिक वळवावे, कारण सोडल्यावर लाकूड थोडे मागे जातेच. आणि त्यानंतर निदान काही दिवस धनुष्याला विश्रांती द्यावी. वाफ दिली असेल तर आठवडाभर तरी. येवढे करूनही पीळ संपूर्ण जात नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यातला थोडा परत येतो. म्हण खोटी नाही. परंतु आपणांस पीळ संपवावयाचा नसतोच. दोरी मुठीवरून नीट जाईल आणि कोटी स्थिर राहील, इतकीच त्याच्याशी तडजोड करावयाची असते.

शेवटी वाक जुळविण्याचे काम. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोरी थोडी थोडी ओढत पाहावे. येथे कधी कधी सरळ लाकडातही नवा पीळ दिसू लागतो. तो झाडाचा नसून आपल्या हाताचा असतो, बाहूची एक कड दुसरीपेक्षा दुबळी राहिलेली असते. बाहू दुबळ्या कडेकडे पिळतो. उपाय असा की दुबळ्या कडेस स्पर्श न करता बलवान कडेचे लाकूड कानशीने किंचित उतरवावे. दुबळ्याला बळ देता येत नाही, बलवानाने थोडे उतरावयाचे असते. प्रत्येक वेळी चार हात कानस, मग वीस-तीस वेळा दोरी ओढून पाहणे, मग पुन्हा कानस. आणि पाठीवरचा तंतू उचललेला दिसला तर ते धनुष्य कोणाच्याही हाती देऊ नये. मोडणारा बाहू तोंडावर येतो. ज्या ओंडक्यात सहा फुटांत पाव फेऱ्याहून अधिक पीळ आहे, तो आम्ही धनुष्यासाठी घेत नाही. त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्या, पाटीचे कान, मुलांच्या भिंगऱ्या होतात. सर्वच लाकूड धनुष्य होण्यासाठी जन्मत नाही, आणि त्यात लाकडाचा काही अपमान नाही.

मित्रहो, सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलताना एक गोष्ट मनात आल्याखेरीज राहत नाही, ती सांगून थांबतो. येथे वाढलेली आपली मुले मराठी बोलतात, तिलाही पीळ आहे. “आजी, मी येऊन राहिलो आहे,” असे नातू फोनवर म्हणतो, आणि पलीकडे पुण्याची आजी हसते. शेजारच्या हिंदीने, शाळेच्या इंग्रजीने त्या बोलण्याला वळण दिले आहे. ते वळण करवतीने सरळ करण्याचा आग्रह आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिला असेल. शब्दागणिक टोकले की मूल शुद्ध बोलू लागत नाही, ते बोलणेच सोडते, आणि सलग आलेला तंतू तेथे तुटतो. मंडळाने पन्नास वर्षे जे सांभाळले ते पुण्या-मुंबईचे सूत नव्हे. आजीपासून नातवापर्यंत एक तंतू न तुटता पोहोचावा, येवढेच सांभाळले. ऊब द्यावी, सावकाश वळवावे, थोडे परत गेले तर रागावू नये. दोरी मुठीवरून जाते आहे ना, हे पाहावे.

रविवारी सकाळी आमचा अड्डा मंडळाच्या मागच्या पडवीत असतो. या पावसाळ्यात पडलेल्या तुतीचा एक ओंडका तेथे आणून टाकला आहे. सालीच्या भेगा पाहता त्यात चांगलाच पीळ दिसतो. येत्या रविवारी तो फोडावयाचा आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य यावे. पाचर धरावयास हात कमीच पडतात.